येरवडा दूर, शेजार जवळ!

मनाच्या संकटात धावून जाणारी माणसे शिरूर-दौंडमध्येच तयार झाली पाहिजेत

कोणाच्या छातीत कळ आली तर काय करायचे, हे आता आपल्या वस्तीतल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. रिक्षा बोलवा, १०८ ला फोन लावा, सरकारी दवाखान्यात न्या. पण तीन रात्री डोळ्याला डोळा न लागलेला तरुण एकटाच बोलत सुटला, बाळंतीण बाळाला जवळ घेईना, किंवा कंत्राट संपून घरी बसलेला कर्ता माणूस ‘आता जगून काय करायचे’ असे म्हणू लागला, तर? तर आधी घराचे दार लावले जाते. चार लोकांना कळू नये म्हणून आईबाप गप्प बसतात. मग कोणी देवऋषी सुचवतो, कोणी ‘लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल’ म्हणतो, आणि नाक्यावरचा एखादा टवाळ हसत म्हणतो, ‘ह्याला येरवड्याला पाठवा!’

आपल्या पुणे जिल्ह्यात येरवडा या शब्दाची अशी शिवी होऊन बसली आहे. वास्तविक तेथे आहे ते सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय, म्हणजे आजारी माणसाला बरे करण्याची जागा. महाराष्ट्रात अशी चार रुग्णालये आहेत. पुण्याखेरीज बाकीची तीन ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे. शिरूरहून पुणे ६५-७० किलोमीटर, दौंडहून ७५-८०. रात्रीच्या वेळी, हातात पैसा नसताना, आपल्याच माणसाला कसेबसे सावरत एवढी वाट तोडायची म्हणजे काय, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळते.

वाचकहो, आम्हाला या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. घर आणि येरवडा यांच्या मधल्या वाटेवर आपली माणसे उभी राहिली पाहिजेत. काही शेजारी म्हणून, सेवाभावाने. काही रीतसर शिकून, पगारी नोकरी म्हणून. पहिल्या तासाला कोण धावून येतो, यावर पुष्कळदा पुढची दहा वर्षे ठरतात.

हे संकट कोणाच्या घरी येते?

मनाचे आजार हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत, आपल्याला कष्टातून वेळ कुठे, असे आपल्यातले कित्येक जण म्हणतात. आकडे वेगळे सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. त्यात सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची, २२,७४६. आणि देशभरातल्या या मृतांमध्ये सर्वांत मोठा गट रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा होता: २६.४ टक्के, म्हणजे चारांत एकाहून अधिक.

बंगळूरच्या ‘निमहान्स’ या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली. त्या वेळी प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. खेड्यांपेक्षा महानगरांत हे प्रमाण जास्त होते. आजारानुसार पाहता १०० पैकी ७० ते ९२ रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते.

शिरूर आणि दौंड ही आता नुसती बाजारपेठेची गावे राहिलेली नाहीत. शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, दौंड तालुक्यात कुरकुंभची. दौंडला मोठे रेल्वे जंक्शन आहे, राज्य राखीव पोलीस दलाचे तळ आहेत. पाळ्यांची कामे, रात्रपाळीचे जागरण, ठेकेदाराच्या मर्जीवरची नोकरी, एका खोलीत पाच-सहा जणांचे बिऱ्हाड, बचत गटाचे नि फायनान्सचे हप्ते. शहराचे सगळे ताण येथे आले आणि शहरातले डॉक्टर मात्र शहरातच राहिले. गावाकडून येथे कामाला आलेल्या तरुणाला तर चुलता-मामाही जवळ नसतो.

झपाटलेले नाही, आजारी आहे

तीन प्रसंग प्रत्येक घराने, विशेषतः आपल्या माताभगिनींनी, ध्यानात ठेवावेत.

पहिला प्रसंग दारूचा. रोज भरपूर पिणारा माणूस एकाएकी दारू सोडतो. घरातले खूश होतात. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे-माणसे दिसू लागतात, तो भलतेच बरळतो, कधी आकडी येते. लोक म्हणतात, बाहेरचे काही लागले. प्रत्यक्षात शरीराला सवय झालेली दारू अचानक तुटल्याने हे घडते आणि उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. हा माणूस तातडीने दवाखान्यात गेला पाहिजे. दारू सोडवायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

दुसरा प्रसंग बाळंतपणाचा. बाळंत झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत एखादीची झोप पूर्ण उडते, ती असंबद्ध बोलते, बाळाविषयी भलतेसलते संशय घेते. ‘बाळंतीण झपाटली’ म्हणून तिला धूप-अंगारा करण्यात दिवस गेले तर आई आणि मूल दोघांच्या जिवाला धोका असतो. वेळीच औषध मिळाले तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात.

तिसरा प्रसंग शरीराच्या दुखण्याचा. साखरेच्या रुग्णाची साखर एकदम उतरली, म्हाताऱ्या माणसाला ताप चढला, डोक्याला मार लागला, तरी माणूस अचानक वेड्यासारखा वागू शकतो. म्हणून एकाएकी वागणे बदलले की आधी साधी वैद्यकीय तपासणी हवी.

भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला मारहाण करणे, दोरखंडाने बांधणे, चटके देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली. आपल्या वस्तीत कोणा आजाऱ्याच्या पाठीवर वेताचे वळ उमटत असतील, तर तो ‘त्यांच्या घरचा मामला’ राहत नाही.

पहिल्या तासात काय करावे?

गर्दी हटवावी. ज्याचे तो ऐकतो अशा एकाच माणसाने शांतपणे बोलावे. त्याला आवाज ऐकू येत असतील, कोणी मारायला येतेय असे वाटत असेल, तर ‘खोटे बोलतोस’ म्हणून वाद घालू नये, होय-होयही म्हणू नये. ‘तुला भीती वाटते हे दिसतेय, आम्ही जवळ आहोत’ एवढे पुरे. आसपासच्या विळा-कोयता, फवारणीची औषधे, घासलेट अशा वस्तू उचलून कुलपात ठेवाव्यात.

जगण्याचा कंटाळा आल्याचे कोणी बोलले, तर त्याला सरळ विचारावे, ‘जीव देण्याचे मनात येते का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल ही भीती खोटी आहे. उलट विचारणारा भेटला की माणूस मोकळा होतो. होय म्हणाला तर त्याला रागवू नये, शपथा घालू नयेत, आणि एकटे मुळीच सोडू नये.

मग १४४१६ हा क्रमांक फिरवावा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली केंद्र सरकारची ही ‘टेलि-मानस’ सेवा आहे. फोन फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, आणि मराठीत बोलता येते. आजारी माणूस बोलायला तयार नसेल तर घरच्यांनी बोलून सल्ला घ्यावा. जिवाला धोका दिसत असेल तर मात्र थांबू नये. १०८ किंवा ११२ ला फोन करून जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. तेथे मानसोपचारतज्ज्ञ नसला म्हणून परत फिरू नये. मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे जीव धोक्यात असेल तेव्हा कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो आणि रुग्णाला पुढे पाठवू शकतो.

कायदा आपल्या बाजूने आहे

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे, दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला आग लागली. तेथे मनोरुग्णांना साखळ्यांनी जखडून ठेवले होते. त्यांना पळताही आले नाही. २८ जण होरपळून मेले. देश हादरला. पुढे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला आणि २०१८ पासून लागू झाला. मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यास त्याने बंदी घातली.

याच कायद्यातल्या आणखी चार गोष्टी पाठ असाव्यात. एक, दारिद्र्यरेषेखालील, निराधार आणि बेघर व्यक्तीला सरकारी उपचार मोफत मिळण्याचा हक्क आहे. दोन, रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल, तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचे आहे. त्याला कोठडीत डांबता येत नाही. तीन, आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न मानता तो तीव्र ताणाखाली होता असे मानायचे आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारने घ्यायची. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तेव्हा ३०९ चे जुने कलमही गेले. ‘केस होईल’ या भीतीने दवाखाना टाळण्याचे आता कारण उरलेले नाही. चार, मनोरुग्णाला मोफत वकिलाचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जावे किंवा १५१०० वर फोन करावा.

साध्या माणसांनी करून दाखवले

डॉक्टर नाहीत म्हणून हात बांधून बसावे लागत नाही, याचे दाखले आपल्याच राज्यात आहेत. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने २०१३ पासून नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत ‘आत्मीयता’ हा प्रकल्प केला. गावातल्याच साध्या स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण दिले. काहींनी दुःखी-कष्टी माणसे हेरायची, काहींनी त्यांच्याशी चार-सहा बैठकांत पद्धतशीर बोलायचे, आजार गंभीर दिसला तर सरकारी दवाखान्यात पोहोचवायचे. आणि चौथे काम फार मोलाचे: थकलेले अनुदान, रेशनकार्ड, पेन्शन मिळवून द्यायचे. उपाशी पोटाला नुसता धीर देऊन भागत नाही, हे त्यांनी ओळखले होते. पुढे हे काम गुजरातमध्ये गेले. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने समाजाधारित सेवेचा चांगला नमुना म्हणून त्याची नोंद घेतली.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. तेथे नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. पुण्याच्या गोरगरीब वस्त्यांमध्ये बापू ट्रस्टने ‘सेहेर’ या उपक्रमातून वस्तीतल्या कार्यकर्त्यांमार्फत घरोघर हे काम केले. आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेत, हरारे शहरात, डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली १४ आजीबाईंना शिकवून दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसवले. मन मोकळे करायला लोक त्या बाकाशी येऊ लागले. आपल्या वस्तीत अशा आज्या कमी आहेत काय?

पोलिसांचीही जोड हवी. अमेरिकेत मेम्फिस शहरात १९८७ साली एका मनोरुग्ण तरुणाला पोलिसांनी गोळ्या घातल्या. गदारोळ झाला. दुसऱ्याच वर्षी पोलीस, विद्यापीठ, दवाखाने आणि रुग्णांचे नातेवाईक एकत्र बसले आणि काही पोलिसांना ४० तासांचे खास प्रशिक्षण सुरू झाले. ती पद्धत पुढे जगभर पोहोचली. नातेवाईक त्या टेबलावर बसले होते, हे आपण लक्षात घ्यावे.

शिरूर-दौंडमध्ये काय करता येईल?

आपल्या भागात संकटात पुढे होण्याची परंपरा जुनी आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ हडपसर भागात रुग्णांसाठी दवाखाना चालवला. रुग्णांची सेवा करता करताच १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. दौंडहून पुण्याला जाताना आपण त्याच हडपसरवरून जातो.

प्रत्येक वस्तीत पाच-सहा जणांचा एक गट पुरे. महिला मंडळातली एक शहाणी बाई, आशाताई, एक रिक्षावाला, एक निवृत्त रेल्वे कामगार किंवा पोलीस, एक शिक्षक, एक कॉलेजचा विद्यार्थी. बैठकीला विहार आहेच. या गटाने पहिल्या महिन्यात चार दारे ठोठवावीत. सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून विचारावे की मनोरुग्ण आणला तर कोणाकडे न्यायचा, कोणती औषधे येथे मिळतात. पोलीस ठाण्यात जाऊन वर सांगितलेल्या कलमाची आठवण द्यावी आणि ओळख करून ठेवावी. औंधच्या जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे लेखी अर्ज करून तालुक्याच्या ठिकाणी तज्ज्ञांचे शिबिर आणि गटाचे प्रशिक्षण मागावे. चौथे दार नगरपरिषदेचे. औद्योगिक वसाहतीतल्या युनियननेही कामगारांच्या फलकावर १४४१६ लिहावे.

दवाखान्यातून परतलेल्या माणसाकडे तर गटाने दुप्पट लक्ष द्यावे. बरे वाटले की गोळ्या बंद होतात आणि आजार उलटतो. महिन्याला तपासणीला सोबत जाणारा एक सोबती, कामावर परत घेण्यासाठी मुकादमाशी बोलणारा एक शेजारी, एवढ्याने कितीतरी संसार सावरतात. आजार दीर्घ असेल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास सवलती मिळू शकतात.

एक नियम मात्र दगडावरच्या रेघेसारखा पाळावा: गटात कळलेली गोष्ट गटाबाहेर जाता कामा नये. नळावर एकदा चर्चा झाली की दुसऱ्या दिवसापासून कोणी दार उघडणार नाही.

मुलामुलींसाठी कामाची वाट

आपली मुले शिकतात, पण ‘पुढे काय’ म्हटले की डी.एड., आयटीआय, पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा एवढ्यावर गाडी थांबते. मानसिक आरोग्याचे क्षेत्र आपल्या घरांत फारसे कोणाला माहीत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता, मनोविकार परिचारिका अशी पदे असतात. मनोरुग्णालये, व्यसनमुक्ती केंद्रे, हेल्पलाइन, सामाजिक संस्था येथेही माणसे लागतात.

बारावीनंतर नर्सिंगची वाट आहे: तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग. त्यावर एक वर्षाची मनोविकार परिचर्येची पदविका घेता येते. कोणत्याही शाखेची पदवी झाल्यावर दोन वर्षांचे एम.एस.डब्ल्यू. करता येते. पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था, मुंबईची टाटा समाज विज्ञान संस्था व निर्मला निकेतन ही त्यातली जुनी नावे. वैद्यकीय व मनोविकार सामाजिक कार्य हा त्यातला विशेष विषय. मानसशास्त्रात एम.ए. करून पुढे भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचा अभ्यासक्रम पूर्ण केला की चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होता येते. आणि एखादी मुलगी नीटच्या परीक्षेत उतरली तर एम.बी.बी.एस. आणि नंतर तीन वर्षांचे एम.डी. करून मानसोपचारतज्ज्ञही होईल. का होऊ नये?

येथे सावधगिरीचे दोन शब्द. तीन महिन्यांत ‘समुपदेशक’ करून देणाऱ्या जाहिरातींना भुलू नये. २०२५ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरशिक्षणाने व ऑनलाइन चालणारे नवे प्रवेश बंद करण्यास सांगितले आहे. अभ्यासक्रमांची नावे आणि नियम सध्या बदलत आहेत. म्हणून फी भरण्याआधी त्या संस्थेला परिषदेची मान्यता आहे का, हे पाहावेच. दुसरे, यातल्या कित्येक सरकारी नोकऱ्या कंत्राटी आहेत, पगार सुरुवातीला बेताचा असतो. हे माहीत असूनच या वाटेला जावे. काम मात्र कमी पडणार नाही, कारण गरज प्रचंड आणि माणसे थोडी.

पैशाअभावी मागे हटू नये. १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांनाही लागू झाल्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जातीचा व उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवावा. दाखल्यासाठी प्रवेश हुकला, असे आपल्या घरात पुन्हा घडू नये.

मनोरुग्णाच्या घरी वाढलेल्या मुलीला हे काम पुस्तकाआधीच अर्धे ठाऊक असते. कामगाराच्या रात्रपाळीचे दुखणे कामगाराच्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. शिरूरची भाषा, दौंडची भाषा, वस्तीतला अपमान आणि वस्तीतली माया हे सारे जाणणारा माणूस पांढरा कोट घालून समोर बसला, तर रुग्ण अर्धा तेथेच बरा होतो.

तेव्हा बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी विहारात जमल्यावर दोन कामे करा. फळ्यावर मोठ्या अक्षरात १४४१६, १०८ आणि ११२ हे तीन क्रमांक लिहा. आणि गटासाठी पाच नावे घ्या. सहावे नाव बारावीला बसलेल्या एखाद्या मुलीचे असू द्या.